गोळी, इंजेक्शन आणि रक्तातली साखर



मागच्या लेखात आपण गरोदर बायांच्या रक्तक्षयाविषयी पाहिले. त्यावर महिला मंडळाच्या रविवारच्या बैठकीत चर्चा सुरू होती, तेवढ्यात मागे बसलेल्या एका सुनेने हळूच विचारले, ‘‘ताई, पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी साखर होते म्हणतात, ते खरं का?’’ प्रश्न एकटीचा होता. पण तो कानावर पडताच दहा-बारा जणींच्या माना वर झाल्या. म्हणजे तो बऱ्याच जणींच्या मनात होता. तिथे दहा मिनिटांत जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. पण विषय दहा मिनिटांत आटोपण्यासारखा नाही, म्हणून आजचा लेख त्यावरच.

एके काळी मधुमेह हा शेठ-सावकारांचा आजार समजला जाई. कष्ट करणाऱ्याला कुठली आली साखर, असे आपले वडीलधारे म्हणत. आता तसे म्हणण्याची सोय राहिली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक माणसे त्याच्या उंबरठ्यावर उभी आहेत. आपल्या चाळीत, वस्तीत, ज्या घरी साखरेची गोळी चालू नाही असे घर आता शोधावे लागते. तेव्हा बायकांना भीती वाटते यात नवल नाही. अडचण पुढे होते. भीतीपोटी गोळी बंद केली जाते, तिच्या जागी दुसरे साधन घेतले जात नाही, आणि दोन महिन्यांनी पाळी चुकते. मग कुणी डॉक्टरला न दाखवताच दुकानातून गोळ्या आणून गर्भ पाडायला बघते आणि रक्तस्राव थांबेनासा झाला की रात्री रिक्षा शोधत फिरावे लागते. साखरेच्या भीतीने जीवच धोक्यात घालण्याचा हा प्रकार आहे. म्हणून गोळीने नेमके काय होते आणि काय होत नाही हे नीट समजून घेतले पाहिजे.

मी बी.कॉम. झालेली, कारकुनी करणारी बाई. डॉक्टर नाही. पण जमाखर्च मला कळतो, आणि शरीरातल्या साखरेचे प्रकरण हा शेवटी जमाखर्चच आहे. आपण भाकरी, भात, चहा, बिस्कीट जे काही खातो त्याची साखर होऊन ती रक्तात जमा होते. स्नायू, यकृत, चरबी हे तिचे खर्चाचे खाते. पण खर्च टाकायचा तर व्हाउचरवर सही लागते. ही सही करणारा अधिकारी म्हणजे इन्सुलिन. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे, तो इन्सुलिन तयार करतो. टाइप दोनच्या मधुमेहात सुरुवातीला असे होते की सही होते, पण खिडकीवरचा माणूस ती मानेनासा होतो. एका सहीवर पूर्वी जे काम होई त्याला आता दोन लागतात, मग चार लागतात. स्वादुपिंड बिचारे ओव्हरटाइम करते. जोवर हा ओव्हरटाइम निभतो तोवर साखरेचा रिपोर्ट ठीक दिसतो. माणसाला वाटते सगळे आलबेल आहे. काही वर्षांनी स्वादुपिंड थकते आणि साखर रक्तात तुंबू लागते.

खिडकीवरचा माणूस असा का बिघडतो? घराण्यात मधुमेह असणे, वाढते वय, बसून काम, पोटाभोवतीची चरबी ही मुख्य कारणे. आपल्याकडच्या माणसांना गोऱ्या लोकांपेक्षा कमी वजनावरच हा आजार गाठतो. म्हणून बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या वर गेला की सावध व्हावे असे आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे, अशी बाई स्वतःला बारीकच समजते. साखर तसे समजत नाही.

आता हार्मोनचा संबंध कुठे येतो ते पाहू. गरोदरपणात वारेतून जे हार्मोन पाझरतात ते आईच्या शरीराला इन्सुलिनला पूर्वीइतके जुमानू देत नाहीत. रक्तात साखर थोडी जास्त राहावी आणि ती बाळापर्यंत पोचावी अशी ती निसर्गाची तजवीज आहे. बहुतेक बायांचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन करून तोल सांभाळते. जिचे सांभाळू शकत नाही तिला गरोदरपणातला मधुमेह होतो. पाळणा लांबवायच्या नेहमीच्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दोन हार्मोन असतात. त्यांच्यामुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही. शरीराला जणू अर्धेमुर्धे गरोदरपण आल्यासारखे वाटते. मग साखरेचा तोलही बिघडत असेल का, ही शंका शास्त्रज्ञांनाही आली आणि ती रास्त होती.

या शंकेला जुना इतिहास आहे, आणि तो आपल्यासारख्या माणसांनी माहीत करून घेण्याजोगा आहे. या गोळीच्या पहिल्या मोठ्या चाचण्या अमेरिकेतल्या श्रीमंत बायकांवर झाल्या नाहीत. त्या १९५६ साली पोर्तो रिको बेटावर, रिओ पिएद्रास येथील गरिबांच्या वसाहतीत सुरू झाल्या. गोळी घेतली की मूल राहणार नाही एवढे त्या बायांना सांगितले गेले. आपल्यावर प्रयोग चालला आहे हे नीट सांगितले गेले नाही. तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे या महिला डॉक्टरांनी चक्कर, मळमळ, डोकेदुखी, उलट्या अशा तक्रारी नोंदवून वर कळवल्या, पण वरच्यांनी त्या फारशा मनावर घेतल्या नाहीत. १९६० साली गोळीला अमेरिकेत गर्भनिरोधासाठी मान्यता मिळाली. तिच्यात इस्ट्रोजेन होते १५० मायक्रोग्रॅम. पुढे लंडनच्या डॉ. व्हिक्टर विन यांनी गोळी घेणाऱ्या बायांना ग्लुकोज पाजून त्यांची साखर मोजली, तेव्हा ती पुष्कळ जणींत जास्त वर चढते असे दिसून आले. १९६६ साली ते छापून आले. ‘गोळीने साखर होते’ हे वाक्य जे आज आपल्या नळावर ऐकू येते त्याची एक मुळी तिथपर्यंत जाते.

पण ती त्या वेळची गोळी होती. आज आपल्या आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी माला-एन घ्या किंवा दुकानातली माला-डी घ्या, तिच्यात इस्ट्रोजेन आहे ३० मायक्रोग्रॅम. इस्ट्रोजेनचा प्रकार थोडा वेगळा आहे, त्यामुळे आकड्याला आकडा लावून तुलना करता येत नाही, तरी मात्रा पुष्कळ खाली आली हे नक्की. प्रोजेस्टिन आहे लेव्होनॉर्जेस्ट्रेल, ०.१५ मिलिग्रॅम. पाकिटातल्या २८ गोळ्यांपैकी २१ हार्मोनच्या आणि शेवटच्या सात लोहाच्या. (या सात गोळ्या पोराला मातीबरोबर खेळायला देऊ नका, त्या रक्तासाठी आहेत! शिवाय त्या घेत राहिले म्हणजे नवे पाकीट वेळेवर सुरू करण्याची सवय मोडत नाही.)

कमी मात्रेच्या गोळ्यांनी साखरेचे काय होते हे नंतर अनेकांनी तपासले. अमेरिकेत परिचारिकांची एक मोठी पाहणी वर्षानुवर्षे चालू आहे. त्यातल्या तरुण परिचारिकांचा हिशेब १९९७ साली प्रसिद्ध झाला. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या यांच्यात मधुमेह होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. निरनिराळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र करून निष्कर्ष काढणारी कोक्रेन नावाची संस्था आहे. तिनेही हेच म्हटले की मधुमेह नसलेल्या बाईच्या साखरेत अशा साधनांनी मोठा बदल होत नाही. फक्त वजन जास्त असलेल्या बायांबाबतची माहिती अपुरी आहे असेही तिने स्पष्ट केले. साखरेत आणि इन्सुलिनमध्ये थोडी हालचाल दिसते ती गोळी थांबवली की बहुधा पूर्ववत होते.

तेव्हा त्या सुनेच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे: तरणीताठी, निरोगी, रक्तदाब ठीक असलेली, आधी कधी साखर न वाढलेली बाई माला-एन घेत असेल तर त्या गोळीने तिला मधुमेह होईल असे मानायला आधार नाही. तिने घाबरून गोळी सोडू नये.

इंजेक्शनचे प्रकरण थोडे निराळे आहे. आपल्याकडे ते सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ नावाने २०१७ पासून मिळू लागले. त्यात इस्ट्रोजेन नाही, फक्त प्रोजेस्टिन आहे, १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर ते चालते, रोज आठवण ठेवावी लागत नाही, नवऱ्याला किंवा सासूला कळू न देता घेता येते. पुष्कळ बायांना ते यासाठीच आवडते, आणि या कारणाला मी हसणार नाही. पण त्याने काही जणींचे वजन वाढते. वजन वाढले, त्यातही पोटावर वाढले, की खिडकीवरचा माणूस पुन्हा सही मानेनासा होतो. अमेरिकेतल्या नव्हाहो या आदिवासी समाजातल्या बायांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्या समाजात मधुमेह फार. तिथे हे इंजेक्शन घेणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले. मात्र अशा अभ्यासांतून एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ज्यांचे वजन आधीच जास्त असते, ज्यांना गोळी चालत नाही, त्यांनाच डॉक्टर पुष्कळदा इंजेक्शन सुचवतात. म्हणजे जोखीम इंजेक्शनच्या आधीच घरात येऊन बसलेली असू शकते.

इंजेक्शनची दुसरी गोष्ट अशी की गोळी आज सोसली नाही तर उद्या बंद करता येते; इंजेक्शन एकदा दंडात गेले की तीन महिने ते काढता येत नाही. म्हणून विचारायचे ते आधी विचारून घ्यावे. स्त्री संघटनांनी १९८६ साली नेट-एन या अशाच इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा त्यांचा मुख्य मुद्दाही हाच होता की बाईला पुरते सांगितल्याशिवाय तिच्यावर काही वापरू नये. माझे मत विचाराल तर इंजेक्शनला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. पण सुई टोचण्याआधी वजन आणि रक्तदाब न बघणाऱ्या, घराण्यातल्या साखरेची चौकशी न करणाऱ्या ठिकाणी हात पुढे करण्यातही अर्थ नाही.

आता या सगळ्या विषयातल्या सर्वांत महत्त्वाच्या बाईकडे येऊ. ती म्हणजे जिला गरोदरपणात साखर झाली होती अशी बाई.

आमच्या ओळखीतल्या एका भगिनीचे उदाहरण सांगते. नाव-गाव सांगत नाही. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात तिला ग्लुकोजचे पाणी पाजून तपासणी झाली, साखर जास्त निघाली. पथ्य झाले, बाळंतपण सुखरूप झाले. दवाखान्यातून निघताना साखर नॉर्मल आली म्हणून घरच्यांनी पेढे वाटले आणि तो कागद ट्रंकेत गेला. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणीला या असे कार्डावर लिहिले होते. पण बाळाचे बारसे, गावाकडची जत्रा, नवऱ्याची पाळी बदललेली, कोण जाणार? तीन महिन्यांनी तिने पाळणा लांबवायचे साधन सुरू केले. वर्षभराने खाज, थकवा, सारखी तहान सुरू झाली. तपासले तर साखर भलतीच वर. सासू म्हणाली, त्या औषधाने केले. नवरा म्हणाला, बाहेरचे खाऊन झाले. खरे काय ते कुणीच सांगू शकणार नाही, कारण साधन सुरू करण्यापूर्वी साखर किती होती याची नोंदच नाही. ज्या वहीत आरंभीची शिल्लक लिहिलेली नाही त्या वहीत वर्षअखेरीस तूट आली तर ती कोणी केली हे कोणता हिशेबनीस सांगेल?

गरोदरपणातली साखर वार बाहेर पडताच बहुतेकींची उतरते. पण ती गेली असे समजू नये. अशा बाईला पुढे टाइप दोनचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायांच्या सात ते दहा पट असते. तिच्या स्वादुपिंडाने एकदा दाखवून दिलेले असते की आपल्याकडे जादा ओव्हरटाइमची ताकद नाही.

अशा बायांवर लॉस एंजेलिस शहरात एक नामांकित अभ्यास झाला. त्या मूळच्या लॅटिन अमेरिकेकडच्या, पुष्कळशा गरीब घरच्या ९०४ बाया होत्या. सगळ्यांना गरोदरपणात साखर झाली होती. १९९८ साली तो प्रसिद्ध झाला. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची कमी मात्रेची गोळी घेणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण वाढले नाही. पण ज्या आया बाळाला अंगावर पाजत होत्या आणि फक्त प्रोजेस्टिनची गोळी घेत होत्या, त्यांच्यात ते जवळजवळ तिप्पट निघाले. २००६ साली त्याच ठिकाणच्या संशोधकांनी तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा हिशेब मांडला. वरवर पाहता इंजेक्शन घेणाऱ्यांत मधुमेह जास्त दिसला. मूळची जोखीम आणि वाढलेले वजन वजा केले तेव्हा फरक फारच थोडा उरला.

जागतिक आरोग्य संघटना कोणत्या बाईला कोणते साधन चालेल याचे चार वर्ग करते. पहिल्या वर्गात खुशाल घ्या, दुसऱ्यात सहसा चालेल, तिसऱ्यात सहसा टाळा, चौथ्यात घेऊच नका. केवळ गरोदरपणात साखर झाली होती एवढ्या कारणाने तिने कोणतेही साधन पहिल्या वर्गातून खाली आणलेले नाही. म्हणजे मनाई नाही. पण मनाई नाही म्हणजे तपासणी नको असा अर्थ कुणी काढू नये. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेऊन दोन तासांची साखर तपासावी. ती १४० च्या आत असेल तर ठीक. १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर. २०० आणि वर म्हणजे मधुमेह. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असावी. १२६ आणि वर गेली तर मधुमेह. तक्रार काही नसेल तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. त्यानंतर दर वर्षी एकदा तपासणी चालू ठेवावी. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते, तिला एचबीए१सी म्हणतात, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. मागच्या लेखातला रक्तक्षय इथेही आडवा येतो बरे! शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच वर दिसू शकतो. म्हणून फिकट चेहऱ्याच्या बाईने तो रिपोर्ट दाखवताना हिमोग्लोबिनचा कागदही सोबत न्यावा.

आणखी एक. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत माला-एनसारखी दोन हार्मोनची गोळी घेऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. शेजारणीने आपली उरलेली पाकिटे दिली म्हणून सुरू करू नका.

ज्या भगिनींना मधुमेह झालेलाच आहे त्यांचे काय? त्यांच्यात दोन गट पडतात. आजार फार जुना नाही, डोळे, मूत्रपिंड, नसा शाबूत आहेत, रक्तदाब ठीक आहे, अशा बाईला हार्मोनची साधने दुसऱ्या वर्गात येतात. म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीत चालतात. सुरुवातीचे काही महिने साखर जरा जास्त वेळा तपासावी एवढेच. पण मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला, मूत्रपिंडाला किंवा नसांना इजा झाली असेल, किंवा आजाराला वीस वर्षे उलटून गेली असतील, तर दोन हार्मोनची गोळी तिसऱ्या-चौथ्या वर्गात जाते आणि इंजेक्शन तिसऱ्यात. तिथे प्रश्न साखरेचा राहत नाही. रक्ताची गुठळी होणे, हृदयविकार, पक्षाघात यांचा असतो. रक्तदाब असलेली, पस्तिशी ओलांडून विडी-सिगारेट ओढणारी, डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे चकाकणाऱ्या रेघा दिसणारी बाई, हिनेही ही गोळी घेऊ नये. मशेरी-तंबाखूची सवय असेल तर तीही लाजून लपवू नये, डॉक्टरांना सांगावी.

मधुमेही बाईने साधनच न घेणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग. बाळाचे हृदय, मेंदू, पाठीचा कणा हे सगळे पहिल्या सात-आठ आठवड्यांत घडते, म्हणजे पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचे कळण्याआधीच. त्या काळात साखर फार वर असेल तर बाळात व्यंग येण्याचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. म्हणून अशा बाईने आधी साखर आटोक्यात आणावी, घेत असलेली औषधे गरोदरपणात चालतील का ते डॉक्टरांना विचारावे आणि मगच साधन थांबवावे. तोवर साधन हवेच. मेटफॉर्मिन चालू असताना गोळी घेता येते, एकमेकींना त्या बाधत नाहीत. क्षयाच्या औषधातले रिफाम्पिसिन मात्र गोळीची ताकद कमी करते, तेव्हा क्षयाचा कोर्स चालू असेल तर दुसरे साधन निवडावे.

कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या आया हल्ली विचारतात की पाळी अनियमित म्हणून, पीसीओडी म्हणून मुलीला या गोळ्या दिल्या, आता तिला साखर होईल का? या मुलींच्या बाबतीत साखरेची जोखीम त्या आजारातच असते, गोळी येण्याआधीपासून. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, या आजारात गोळी घेणाऱ्यांत साखर बिघडण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा उलट कमीच आढळले. मुलीला गोळीसाठी रागावण्यापेक्षा तिची साखर तपासून घ्या.

ज्यांना हार्मोन नकोच वाटते त्यांच्यासाठी तांबी आहे. तिच्यात हार्मोन नाही, साखरेवर तिचा काहीही परिणाम नाही, मधुमेह कितीही जुना असला तरी ती पहिल्याच वर्गात आहे. एका प्रकारची पाच वर्षे चालते, दुसरी दहा वर्षे, आणि बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवून घेता येते. पाळीचे रक्त थोडे जास्त जाते, म्हणून रक्तक्षय असेल तर आधी तो बघावा. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधून काढलेली, १९९१ साली ‘सहेली’ नावाने बाजारात आलेली गोळी आता सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाने फुकट मिळते. तिच्यात इस्ट्रोजेन नाही की प्रोजेस्टिन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणारीलाही चालते. पीसीओडी असेल किंवा नुकतीच कावीळ होऊन गेली असेल तर मात्र ती घेऊ नये.

पाळणा लांबवण्याचा विषय आपल्या साप्ताहिकात काढला की काही ज्येष्ठांना संकोच वाटतो. त्यांच्यासाठी एक नोंद. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांचा सरकारने प्रसार करावा असा ठराव स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मांडला. त्याच्या समर्थनाचे भाषण बाबासाहेबांचे होते. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. पुढे बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहाने किती छळले, इन्सुलिनची इंजेक्शने किती घ्यावी लागली, हे आपण सर्वजण जाणतो. दोन्ही विषय आपल्या घरचेच आहेत.

आता बंधूंनो, थोडे तुमच्याविषयी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की देशात विवाहित बायांपैकी सुमारे ३८ टक्के बायांचे ऑपरेशन झालेले आहे; ज्यांच्या नवऱ्याने नसबंदी करून घेतली अशा बाया मात्र ०.३ टक्के. शंभरात अर्धीसुद्धा नाही! बायकोची साखर वर, रक्तदाब वर, तांबी तिला सोसत नाही, आणि चर्चा चालते ती तिला आता कोणती गोळी द्यावी याची. निरोध फुकट मिळतो. पुरुषाची नसबंदी आता बिनटाक्याची होते, माणूस त्याच दिवशी घरी येतो, ताकद कमी होत नाही, आणि कुणाच्याच साखरेला धक्का लागत नाही. मधुमेही पुरुषालाही साखर आटोक्यात असेल तर ती करता येते. फक्त ऑपरेशननंतर लगेच निर्धास्त होऊ नये; तीन महिने निरोध वापरून मग वीर्याची तपासणी करून घ्यावी लागते.

साधन घ्यायला आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात जाताना गरोदरपणातले कार्ड, साखरेचे जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची पाने एका पिशवीत घालून न्या. आई-वडिलांपैकी कुणाला साखर आहे का ते आधीच विचारून ठेवा. या लेखावर काही शंका असतील तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर लिहून पाठवाव्यात. नाव लिहिले नाही तरी चालेल, वय आणि मुले किती एवढे मात्र जरूर लिहा, म्हणजे उत्तर देणाऱ्या डॉक्टर भगिनींना सोयीचे होईल.